खिळ्यावरचा रॉड

पांढुर्ण्यात मी भाड्याची खोली पाहायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला खोलीच्या आधी खड्डा दाखवला. अंगणाच्या कोपऱ्यात पेरूच्या झाडाखाली सिमेंटची लहानशी चौकट, तिच्यात एक लोखंडी नळी उभी, भोवती ओली माती आणि नळीला हळदीकुंकू लावलेलं. मला वाटलं, कुठल्या तरी देवाचं ठाणं असेल. मी मुकाट्यानं चप्पल काढली आणि हात जोडले.

काका एकदम खूश. "वा! लय भाडेकरू पाहिले, पण अर्थिंगले हात जोडणारी बाई पहिल्यांदाच पाहून राहिलो."

मी हात सोडले. दुसरं काय करणार! सोबत सासूबाई होत्या, त्यांनी तर वाकून नमस्कारही केला होता.

"तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता म्हणे?" काकांनी विचारलं.

"हो."

"मंग सांगा बरं. या खड्ड्यात कोळसा अन् मीठ टाकते. मीठ काहून टाकते?"

आता विजेचा धडा मी सातवीला दरवर्षी शिकवते. पण त्यात मिठाचा काही उल्लेख नाही. वरच्या मजल्यावरचे साहेब गॅलरीत टॉवेल वाळत घालता घालता थांबून ऐकत होते. मी म्हटलं, "वाळवी लागू नये म्हणून."

काका हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. वर्गातल्या ढ पोट्ट्याकडे मी जशी पाहते, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं. खोली पाहून घ्या." ते पाहणं माझ्या असं डोक्यात गेलं, की पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. माझा स्वभावच वाईट आहे. कोणी शिवी दिली तर मी विसरते, कोणी कीव केली तर विसरत नाही.

गावात त्यांना सगळे अर्थिंगवाले काका म्हणत. जन्मभर एका जिनिंगमध्ये वायरमन होते. जिथं कापसाचे डोंगर रचलेले असतात तिथं एक ठिणगी म्हणजे सत्यानाश, त्यामुळे करंटवर नजर ठेवायची त्यांना सवयच जडली होती, आणि ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली लुंगी, पायात रबरी चप्पल. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, हे टेस्टर ठेवत. देवघरात विजेच्या दिव्यांची माळ होती म्हणून आरतीलासुद्धा लाकडी पाटावर उभे राहत. एकदा कोणाच्या तरी मयतीला गेले, तर तिथंही मांडवाच्या लोखंडी खांबाला हळूच टेस्टर लावून पाहिला. बाजूला उभ्या माणसानं डोळे वटारले, तर म्हणाले, "एक गेला, तेवढा पुरे नाही का?"

खड्ड्यावर रोज सकाळी ते तांब्याभर पाणी टाकत. माती सुकली तर करंट जमिनीत जात नाही, हे त्यांचं शास्त्र. पण गल्लीतल्या बायांना काय ठाऊक? म्हातारा माणूस रोज अंघोळ करून झाडाखाली पाणी घालतो, म्हणजे काहीतरी असणारच. आधी एकीनं कुंकू लावलं, मग दुसरीनं फूल वाहिलं, आणि श्रावण लागला तशी सोमवारी तिथं रांग लागली. काकांनी पहिले दोन सोमवार आरडाओरडा केला. तिसऱ्या सोमवारी त्यांनी माती हातात घेऊन पाहिली आणि गप्प झाले. माती मस्त ओली होती. मग त्यांनी फक्त एक नियम केला, "नवस काय पायजे ते बोला, पण दूध नको, पाणी टाका."

त्यांची बोलणी गावभर चालत. "करंटले नातं समजत नाही," हे नेहमीचं. दुसरं म्हणजे, "पाणी अन् करंट, सासू-सून होय. एका घरात नांदते, पण मंधात अर्थिंग पायजे."

हे त्यांनी माझ्या सासूबाईंसमोर म्हटलं. त्या काही कमी नाहीत. म्हणाल्या, "मंग आमच्या घरात अर्थिंग कोण?"

"तुमचा पोरगा."

"तो तं बोरगावले कारखान्यात राह्यते. आठवड्यातून एक दिवस येते."

"म्हून तं तुमच्या खोलीतून आवाज येते!" काका म्हणाले, आणि सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी नाही हसले.

पण काकांची खरी ओळख म्हणजे ओसरीची भिंत. कोणाच्या ओसरीत देवादिकांचे फोटो असतात, कोणाच्या घरी वाडवडिलांचे. यांच्या भिंतीवर ओळीनं खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला पाणी तापवायचा एक रॉड टांगलेला. गावात कोणाला रॉडचा झटका बसला की घरचे लोक तो रॉड काकांकडे आणत. काका तो उघडून दोष शोधत, वायर कापून टाकत म्हणजे पुन्हा कोणी वापरू नये, आणि खिळ्याला अडकवून खाली पुठ्ठ्याची पट्टी बांधत. पट्टीवर पेन्सिलीनं तीन ओळी: घर, दोष, कोणाले लागला. घराच्या ओळीत आडनावासकट सगळं. मी इथं आडनावं लिहीत नाही, पण एक पट्टी अशी होती: सावरगाव, पुलाजवळचं घर, तार उंदरानं कुरतडली, मोठ्या सुनेले, उजवा हात. दुसरी: अमुक गुरुजी, दोनच पिना, अर्थिंग नाही, गुरुजीले, पाय. आणि एक आमच्या रामाकोन्याचीच, माझ्या माहेरच्या ओळखीतली. सरकी भिजवायला पाणी तापवलं आणि रॉड आत तसाच ठेवून बादली गोठ्यात नेली. कोणाले लागला? म्हशीले. वाचली.

ही भिंत वाचायला लोक येत. शाळेतल्या पोट्ट्यांचे आईबाप येत. ते गुरुजी तर तेव्हापासून या गल्लीतून जायचेच बंद झाले होते.

घरात रॉड आणायला मनाई नव्हती. पण आणला तर आधी काकांना दाखवायचा. ते तो दिवसभर बादलीत भिजत ठेवत, मग जिनिंगमधून आणलेली एक लाकडी पेटी काढत. तिला हातानं फिरवायची दांडी होती. दांडी फिरवली की काट्यावरून कळे, करंट कुठं गळतो का. पास झाला तर रॉड परत मिळे. पण तपासताना सवाल-जवाब होत, आणि ते सगळ्यांसमोर. त्यामुळे कोणी भानगडीतच पडत नसे. सगळ्या घराचं पाणी अंगणातल्या तांब्याच्या बंबावर तापे, त्यात काका स्वतः संत्र्याच्या बागेतली वाळकी फांटी घालत. आधी काकू, मग वरचे साहेब, मग आम्ही. जो आधी राहायला आला त्याचा आधी नंबर.

आणि एक गंमत सांगायची राहिली. अंघोळीला जाणाऱ्यानं न्हाणीचं दार लावायच्या आधी मोठ्यानं ओरडायचं, "पिन बाहेर!" ओसरीतून काका म्हणणार, "हाव!" मगच अंगावर पाणी. म्हणजे रॉडची पिन बोर्डातून काढलेली आहे. घरात एकही रॉड लागत नव्हता तरी! मी एकदा वैतागून विचारलं, "अहो काका, बंबाला कुठून आली पिन?"

"जिभेले सवय पायजे, बाई. उद्या तुम्ही दुसऱ्या घरी जासान, तिथं बंब नसन." आमच्याकडे पाहुणे आले, काकांचा जावई आला, तोही बिचारा टॉवेल गुंडाळून ओरडला, "पिन बाहेर!"

आता घोळाकडे येते. माझी शाळा सकाळची, सातची. पांढुर्ण्याची थंडी तुम्हाला माहीत असेल तर कळेल, सातपुड्यावरून उतरलेला वारा सकाळी साडेपाचला थेट हाडात शिरतो. बंबावर आमचा नंबर लागेपर्यंत साडेसहा होत. मी आपली गार पाण्यानं उरकत होते, पण सासूबाईंचे गुडघे धरायचे. त्यांना पूजेच्या आधी अंघोळ पाहिजे. मी बाजारातून एक रॉड घेऊन आले. नवा कोरा, चकचकीत, पिशवीतला. तो काकांना दाखवायचा म्हणजे पुन्हा ओसरीत उभं राहून, "बाई, आता सांगा, मीठ काहून टाकते?" मेले तरी दाखवणार नव्हते. आणि नव्या वस्तूत काय दोष असणार? न्हाणीच्या बाहेर आमच्या पडवीत बटन होतं. पहिल्या सकाळी लोखंडी बादलीत रॉड सोडला, बटन दाबलं आणि चहा ठेवायला वळले. पाच मिनिटं झाली असतील. खट्! सगळ्या घराची लाइन गेली.

काकांनी जिन्याखाली एक पांढरा डब्बा बसवला होता. घरात कुठंही करंट गळायला लागला की त्याचा खटका आपोआप खाली पडे आणि सगळ्या घराची लाइन तोडे. ट्रिपचा डब्बा म्हणत त्याला. तोच पडला होता. काकांनी बॅटरी घेऊन तो पुन्हा वर केला. मी तोपर्यंत रॉड काढून पलंगाखाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी जरा लवकर लावून पाहिला, तर डब्बा लवकर पडला. संध्याकाळी लावला, तर संध्याकाळी पडला. देवाशप्पथ सांगते, मला एकदाही असं वाटलं नाही की रॉडमध्ये काही असेल. मला वाटलं, मालकासारखाच डब्बाही चिडका आहे, जरा लोड पडला की रुसतो. सातवीला विजेचा धडा शिकवणारी मी!

काका मात्र हादरले. दिवसभर घर तपासायचे आणि काही सापडायचं नाही, कारण दिवसा रॉड पलंगाखाली. शिडी लावून प्रत्येक होल्डर उघडला, मोटर उघडली, ती पेटी घेऊन दांडी फिरवत बसले. खड्ड्यातली माती उकरून नवीन मीठ, नवीन कोळसा भरला. सत्तरी उलटलेला माणूस, शिडीवर पाय लटपटायचे. काकू खाली शिडी धरून उभ्या. एका वहीत ते डब्बा कधी पडला त्याच्या वेळा लिहीत होते.

चौथ्या दिवशी दारात आले. "बाई, काही नवीन लावलं का खोलीत?"

"नाही काका."

"बरं, बरं. तुमचं नसणारच. तुम्ही त्यातल्या जाणकार." आणि त्यांनी वहीत माझ्या खोलीपुढं बरोबरची खूण केली. ती खूण करताना मी पाहिली. जेवण गेलं नाही मला त्या दिवशी, पण तोंड काही उघडलं नाही. त्या भिंतीवर माझं नाव! खाली पट्टी: विज्ञानवाल्या बाई. सगळी शाळा वाचायला आली असती.

असे आठ दिवस गेले. आठव्या सकाळी, रविवार होता, सासूबाईंनी पाणी तापलं का ते पाहायला बादलीत बोटं बुडवली. रोजचीच सवय त्यांची. "सूनबाई, हातात मुंग्या आल्यासारखं होऊन राहिलं वो."

"थंडीनं होते हो आई," मी म्हटलं. तेवढ्यात डब्बा पडला.

वरच्या साहेबांचा तोवर पार संताप झाला होता. त्यांची दाढी रोज अर्धी राहायची. त्यांनी सावरगावचा एक वायरमन बोलावून आणला. हा माणूस काकांच्याच हाताखाली शिकलेला, आता त्याचेही केस पिकलेले. त्यानं तासभर सगळं पाहिलं, मग स्टुलावर चढून डब्ब्याचं झाकण उघडलं.

"काका, तुमच्यासमोर मी बोलू नये. पण लाइन ठीक, मोटर ठीक, काहीच नाही. हा डब्बाच सटकला. याले बाजूला काढून डायरेक्ट करून टाकतो. कटकट मिटते."

"करून टाका हो," वरचे साहेब म्हणाले. "दुनियेत काय सगळ्यांच्या घरी असे डब्बे आहेत?"

डायरेक्ट म्हणजे तारा थेट जोडून टाकायच्या. मग करंट कुठंही, कितीही गळो, त्याला अडवणारं कोणी नाही. मी दारात चहाचा कप घेऊन उभी होते. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं, की सुटले बाप्पा! मागून सासूबाई हळूच म्हणाल्या, "बरं झालं वो. उद्या पाणी कढत भेटन."

काका त्या उघड्या डब्ब्याकडे बघत राहिले. "डब्बा सटकला म्हणतं, का मी?"

"तसं नाही काका..."

"तसंच हाये. माह्या हातानं बसवला, माह्या हातानं तपासला. मले सापडत नाही म्हणजे आता माह्यात काही राहिलं नाही. कर डायरेक्ट." त्यांनी खिशातून टेस्टर काढला आणि काकूंपुढं धरला. "पेटीत ठेवून दे. आता नाही लागत."

त्यांचा तो मोकळा खिसा मी पहिल्यांदाच पाहत होते.

काकूंबद्दल मी काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्या काही बोलतच नसत. त्यांचं डावं मनगट वाकडं होतं. कधीतरी पडल्या असतील, असं मी धरून चालले होते. त्यांनी टेस्टर घेतलाच नाही, तो खाली पडला.

"मी तुमाले तीन दिवस म्हणत होती," त्या म्हणाल्या. "आठवते का? पाण्यात मुंग्या येऊन राहिल्या, रॉड पाहून घ्या. तुम्ही म्हणाले, वहम हाये तुले, काही नाही होत. चौथ्या दिवशी मी न्हाणीत फेकल्या गेली, हात मोडला." त्यांनी वाकडं मनगट वर केलं. "त्या वक्ती माह्यं ऐकलं नाही. आता हा डब्बा आठ दिवसांपासून तेच म्हणून राहिला. त्याले बी वहम म्हणता का?"

वायरमनच्या हातातला पेचकस तिथंच थांबला.

मी हातातला कप उंबऱ्यावर ठेवला. मुंग्या. आज सकाळीच सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि मी म्हटलं होतं, थंडीनं होते. उद्या डब्बा नसणार. उद्या त्या पुन्हा बोटं बुडवणार. आणि मी चहा ठेवत असणार.

मी आत गेले, पलंगाखाली हात घातला आणि तो रॉड घेऊन बाहेर आले. अजून ओलाच होता.

"काका, रोज मी हा लावत होते. तुम्ही विचारलं तेव्हा खोटं बोलले."

मला वाटलं आता खोली सोडा म्हणतील. वरच्या साहेबांनी तर "अरे वा, मॅडम!" असं सुरूही केलं होतं. काका माझ्याजवळ आले. रॉड घेतला नाही, आधी विचारलं, "मागच्या रविवारी किती वाजता लावला होता?"

"पावणेसहाला."

ते धावतच ओसरीत गेले आणि वही घेऊन आले. "अन् सोमवारी?"

"तसाच. पावणेसहा."

"मंगळवारी?"

"सव्वापाच. बुधवारी मात्र संध्याकाळी, सातला."

एकेका वेळेपुढं खूण होत गेली. आठव्या खुणेला त्यांनी वही डोक्यावर धरली आणि लुंगी सावरत चक्क उडी मारली. "आठच्या आठ! एकदाबी चुकला नाही! अबे, उतर खाली स्टुलावरून! माहा डब्बा बरोबर हाये! मी बी बरोबर हाये!" त्यांनी खाली पडलेला टेस्टर स्वतः उचलला आणि खिशात खोवला. वरच्या साहेबांना जिलेबी आणायला पिटाळलं, आणि ते बिचारे गेलेही. इतका वेळ मी शिव्यांची वाट पाहत उभी होते, आणि हा माणूस आनंदानं नाचत होता!

मग त्यांनी ती पेटी आणली आणि मला समोर बसवलं. "दांडी तुम्ही फिरवा." मी फिरवली. काटा सरळ खाली शून्यावर जाऊन बसला, म्हणजे करंट गळत होता. काकांनी रॉड उन्हात धरून दाखवला, जिथं नळी टोपीत शिरते तिथं केसाएवढी चीर होती. तिच्यातून पाणी आत गेलं होतं. नवा कोरा, पण कारखान्यातूनच फुटका आलेला.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "हा डायरेक्ट झाला असता तं उद्या काय झालं असतं, समजलं ना?"

"हो."

"बस मंग." याच्यावर एक शब्द ते कधी बोलले नाहीत. मीच थोड्या वेळानं विचारलं, "काका, मीठ काहून टाकतात?" ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला. "मीठ ओल धरून ठेवते, बाई. ओल असली की करंट घर सोडून जमिनीत जाते. वाळवी!"

म्हणजे पहिल्या दिवशी ते हसू त्यांनी माझ्यासाठी दाबून ठेवलं होतं. आणि मी वर्षभर त्याचाच राग धरून बसले होते!

दुपारी हातोडी घेऊन आले. "खिळा ठोकू का? तुम्ही नाही म्हणाल तं नाही ठोकत."

मी म्हटलं, "ठोका." आता लाजून काय उपयोग होता? त्यांनी माझा रॉड बाकीच्यांच्या ओळीत नाही लावला. दाराच्या वर, मधोमध, पार छताजवळ. खालून पट्टीवरची अक्षरं काही दिसत नव्हती, आणि स्टूल लावून आपलं नाव वाचायची मला हौस नव्हती. त्या दाराखालून जाताना मी मान खाली घालत असे.

दुसऱ्या दिवसापासून बंबावर आमचा नंबर पहिला. काका पहाटे उठून फांटी पेटवत. सातवीचा विजेचा धडा आला, की मी त्यांना शाळेत नेत असे. ते टेबलावर रबरी चपलेत उभे राहून पोट्ट्यांना ओरडायला लावत, "पिन बाहेर!" हेडमास्तर दचकून ऑफिसातून बाहेर येत. असे सहा हिवाळे मी त्या घरात काढले, आणि सुखात काढले.

मग माझी बदली सौसरला झाली. आम्ही तिथं घर बांधलं. वास्तूला काका-काकू आले. लोक फरशी पाहतात, देवघर पाहतात. काका थेट मागच्या अंगणात गेले, खड्ड्यातली माती बोटांनी चोळून पाहिली आणि सासूबाईंना म्हणाले, "आता तुमच्यात भांडण झालं तं मले नका सांगू." जेवताना पोळीबरोबर दोनदा श्रीखंड मागून घेतलं.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच गेले, काही त्रास नाही. काकू आता लेकीकडे नागपूरला राहणार होत्या. जायच्या आधी त्यांनी मला बोलावलं, "तेवढे रॉड काढायले ये वो. माह्याच्यानं स्टुलावर चढवत नाही."

मी एकेक रॉड काढून खाली देत होते आणि काकू ते पोत्यात ठेवत होत्या. म्हशीचा आला तेव्हा आम्ही दोघी हसलो. ओळीतला पहिला खिळा नेहमी कॅलेंडरखाली झाकलेला असे. कॅलेंडर काढलं, तर तिथंही एक रॉड. फार जुना, काळा पडलेला.

"काय लिहिलं तिथं?" काकूंनी विचारलं. "मले वाचता येत नाही, अन् त्यायनं कधी सांगितलं नाही."

मी वाचलं, "घर: माहं. दोष: माहा. कोणाले लागला: हिले."

काकूंनी वाकड्या हातानं तो रॉड घेतला आणि पोत्यात न टाकता बाजूला, आपल्या पिशवीवर ठेवला.

मग मी स्टूल दाराशी नेलं. वर चढले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती पट्टी मी जवळून पाहत होते. रॉडवर जरासुद्धा धूळ नव्हती. आणि पट्टीवर माझं नाव नव्हतं.

"तुह्यावर काय लिहिलं? वाच ना वो."

"घर: माहं," मी वाचलं. "दोष: नवा म्हणून तपासला नाही. कोणाले लागला..." त्या भिंतीवरचा प्रत्येक रॉड कोणाला तरी झटका बसल्यावर आला होता. कोणाचा हात, कोणाचा पाय, कोणाची म्हैस.

"कोणाले?" खालून काकूंनी विचारलं.

"कोणालेच नाही."

काकूंनी डोळे पुसले. म्हणाल्या, "पुन्हा एकदा वाच."

मी पुन्हा वाचलं.